मशीनवर रागावण्याआधी

टाके सुटायला लागले की आपण पहिला दोष मशीनला देतो. मीही दिला होता. होजियरीच्या कापडाचा टीशर्ट शिवत होते आणि दर दोन-तीन इंचांवर टाका सुटत होता. वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारं टेन्शनचं चाक पुढेमागे फिरवून पाहिलं, खालच्या दोऱ्याचं रीळ, म्हणजे बॉबिन, बसतं त्या बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळला, दोरा बदलला. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मशीन दुरुस्तीला दिलं. परत आलं तेव्हा सुई तेवढी नवी होती आणि मी पिळलेला स्क्रू जागेवर आणलेला होता. होजियरीला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. साधी टोकदार सुई त्या विणीत अडखळते, कधी धागाच कापते. गोल टोक धाग्यांना बाजूला सारून मधून जातं.

तेव्हापासून काही बिघडलं की मी आधी सुई पाहते, मग दोरा, मग बॉबिन. मशीन सगळ्यात शेवटी. घरी शिवणाऱ्याला रोज छळणाऱ्या बहुतेक गोष्टींचं उत्तर या तिघांतच सापडतं.

सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. पहिला सुईची जाडी सांगतो, ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. दुसरा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. मलमल, व्हॉइल अशा झिरझिरीत कापडाला ७०/१०, रोजच्या सुती कापडाला ८०/१२, जरा जाड कापडाला ९०/१४ आणि डेनिमला १००/१६. एवढ्या चार जाडींवर माझं सगळं भागतं. हाताने शिवायच्या सुयांचं गणित मात्र उलटं आहे. तिथे नंबर वाढला की सुई बारीक होते. पाकीट घेताना हे डोक्यात असू द्या.

सुई मोडेपर्यंत वापरायची, हा समज सोडून द्या. साधारण आठ तास शिवून झाले की ती बदलायची. तास कोण मोजत बसणार? मी कानांवर विश्वास ठेवते. चांगली सुई कापडात शिरते तेव्हा मशीनचाच काय तो आवाज येतो. टोक बोथटलं की प्रत्येक टाक्याला बारीकसा ‘टप्’ ऐकू येतो, ताणलेल्या कागदाला भोक पाडल्यासारखा. तो ऐकला की थांबा, सुई काढा आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून अलगद ओढून पाहा. नखावर ओरखडा उठला किंवा टोक अडकलं, तर ती सुई संपली.

नवी सुई बसवताना तिच्या दांड्याची सपाट बाजू कुठे येते ते बघा. सपाट बाजूच्या विरुद्ध अंगाला एक लांब खाच असते, नख फिरवलं की लगेच लागते. दोरा ओवायचा तो या खाचेच्या बाजूने. सुई वरपर्यंत भिडवून मगच स्क्रू आवळा. केसभर खाली राहिली तरी टाके सुटतात.

आता तो खालचा गुंता. कापड उलटं करावं तर खाली दोऱ्याचं अख्खं घरटं! गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनवर तुटून पडतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो. मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असेल तर या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरच्यावर राहतो. म्हणून वरचा दोरा घालताना फूट आधी वर करा. सगळा दोरा काढून पहिल्यापासून घाला, मग फूट खाली करून दोरा ओढून पाहा. ओढताना हाताला रोध जाणवला की तो नीट बसला. पहिले दोन-तीन टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार इंच टोकं मागे धरून ठेवा. मी हे करायला लागल्यापासून सुरुवातीचा गुंता झालेला मला आठवत नाही.

सुईत दोरा ओवताना दोऱ्याचं टोक तिरकं कापा. टोक चिमटीत असं धरा की ते जेमतेम दिसेल, आणि दोरा सुईकडे न नेता सुईचं नेढं दोऱ्यावर आणा. ओलं करायचं तर नेढं करा, दोरा नको. भिजलेला दोरा फुगतो. मागे पांढरा कागद धरला की नेढं ठळक दिसतं, दिवेलागणीनंतर तर फारच. तारेचं ओवणं मिळतं तेही चांगलं, पण त्याची तार केसासारखी असते. जाड दोरा तिच्यातून हिसकून ओढला की ती तुटलीच.

हाताने शिवायला दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत घ्या, साधारण १८ इंच. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांबलचक दोरा घेतला की तो पिळतो, पीळ स्वतःवर चढतो आणि गाठ पडते. मधूनमधून सुई सोडून नुसती लोंबकळू द्या, पीळ आपोआप उलगडतो. बटणाचा दोरा मी मेणाच्या वडीवरून दोनदा ओढते आणि कागदाच्या घडीत ठेवून वरून इस्त्री फिरवते. मेण दोऱ्यात मुरतं आणि बटण वर्षानुवर्षं हलत नाही.

यापुढचं जरा सावकाश वाचा. शिवायला सगळेच शिकवतात, उसवायला फारसं कुणी शिकवत नाही.

मुलीच्या फ्रॉकची बाही मी एकदा उलटी जोडली. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, सकाळी फ्रॉक हवा होता. रिपर, म्हणजे टाके उसवायचं छोटं हत्यार, शिवणीत घातला आणि जोराने पुढे ढकलला. शिवण उघडली खरी, पण शेवटी तो सटकला आणि बाहीच्या मधोमध दीड इंच कापड फाटलं. त्या कापडाचा तुकडाही उरला नव्हता. त्या रात्री मी रिपर नीट हातात घेऊन पाहिला.

त्याला दोन टोकं असतात. लांब टोक अणकुचीदार आणि आखूड टोकावर छोटा मणी. धार असते ती दोघांच्या मधल्या खोबणीत. लांब टोक एका टाक्याखाली घालायचं आणि किंचित उचलायचं, टाका आपणहून तुटतो. असा दर चौथा किंवा पाचवा टाका कापत जा, फक्त एकाच बाजूने. मग कापड उलटा आणि दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याचं टोक धरून सावकाश ओढा. तो सलग निघून येतो आणि दोन्ही पदर सुटे होतात. पहिल्या बाजूला राहिलेले दोऱ्याचे तुकडे चिकटपट्टी दाबून उचलली की एका दमात निघतात. भोकं दिसत असतील तर तिथे पाण्याचा हात लावा, नखाने आडवं-उभं खरवडा आणि इस्त्री करा. सुती कापडाची वीण पुन्हा मिटते. चामडं किंवा रेक्झिनवर पडलेलं भोक मात्र कायमचं, तिथे टीप मारण्याआधीच दहादा बघा.

मणी असतो तो कापड वाचवायला. सरळ शिवणीत रिपर सरकवायचाच असेल तर मणी खाली, कापडाला टेकलेला हवा, म्हणजे टोक कापडात घुसत नाही. काजं उघडताना काजाच्या शेवटच्या टाक्यांच्या अलीकडे एक टाचणी आडवी लावा. रिपर तिथे येऊन थांबतो, पुढचे टाके वाचतात. आणि रिपरलाही म्हातारपण असतं. टाका उचलण्याऐवजी ढकलावा लागतोय असं वाटलं की नवा घ्या. बोथट रिपरला जोर लागतो आणि जोर लावला की तो सटकतो.

खुणांच्या बाबतीत माझा फार जीव जळलेला आहे. पाण्याने जाणारं निळं पेन छान, पण खूण धुण्याआधी त्यावर इस्त्री फिरवली तर ती कापडात पक्की बसू शकते. उष्णतेने पुसली जाणारी पेनंही असतात. साधारण ६० अंशांना त्यांची शाई अदृश्य होते, पण कडक गारठ्यात रेघ पुन्हा उगवते. शिवाय गडद कापडावर पांढुरका माग राहतो. म्हणून मी सुलट बाजूला खडूच वापरते, कडा पातळ केलेला, आणि तोही आधी चिंधीवर घासून. मेणाचा खडू फिकट कापडाला नको, इस्त्रीखाली त्याचा डाग पडतो.

कापडाची कात्री कागदाला लावू नका. कागदात खनिजाची भुकटी मिसळलेली असते, ती धार खाते. माझ्या कात्रीच्या मुठीला लाल फीत बांधलेली आहे आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना तिचा अर्थ माहीत आहे. कापताना खालचं पातं टेबलाला टेकवून ठेवा, कापड उचलू नका.

टाचण्या काचेच्या डोक्याच्या घ्या, प्लास्टिकची डोकी इस्त्रीखाली वितळतात. सुई जवळ आली की टाचणी काढा, तिच्यावरून शिवू नका. टेपचं तर विचारूच नका. जुनी टेप ताणली जाते आणि आपण मापं चुकली म्हणून स्वतःला बोल लावत बसतो. वर्षातून एकदा ती स्टीलच्या पट्टीवर ठेवून पाहा.

मोठं काम संपलं की सुईखालची पत्र्याची पट्टी काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दातांमधलं कापसासारखं किटण ब्रशने काढा. फुंकर मारू नका, ते आणखी आत जातं. तेल द्यायचं तर शिवणयंत्राचंच, थेंबभर, आणि मशीनच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच.

जुन्या आणि मोडक्या सुयांसाठी मी झाकणाची छोटी बाटली ठेवली आहे. सुई मोडली की मशीन बंद करते, दिवा जवळ ओढते आणि तुकडे शोधते: टोक, नेढं, दांडा. कापडाच्या घडीत, दातांत, बॉबिनच्या खोबणीत, जमिनीवर. सगळे तुकडे तळहातावर जुळवून पूर्ण सुई झाली की मगच ते बाटलीत टाकते आणि पुढचा टाका घालते.