शिकागोत एक वर्ष राहायचंय? थंडी आणि उकाडा, दोन्हींची तयारी अशी करा

शिकागोला निघालेल्या माणसाला घरचेदारचे एकच विचारतात, "थंडीचं काय करणार?" मग मावशी स्वेटर विणायला घेते, कुणी माळ्यावरचा जुना कोट झटकून आणून देतं आणि बॅगेतले पंधरा किलो लोकरीतच जातात. माझंही तसंच झालं. विमान ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उतरलं. बाहेर ३२ अंश तापमान होतं आणि हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट. पुढचे सहा आठवडे लागले ते सुती कुर्ते, आणि तेच मी जेमतेम चार आणले होते. जानेवारीत तो स्वेटर काढला, तर शहराला लागून असलेल्या मिशिगन तळ्यावरून येणारा वारा त्याच्या विणीतून सरळ आत शिरत होता.

जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान २९-३० अंश आणि जानेवारीत रात्रीचं किमान उणे सात-आठ, अशी या शहराची साधारण रीत. पण टोकं फार लांब आहेत. ३० जानेवारी २०१९ला ओ'हेअर विमानतळावर पारा उणे ३०.६ अंशांवर गेला होता. जुलै १९९५मध्ये मिडवे विमानतळावर ४१ अंशांची नोंद झाली आणि त्या लाटेत शहरात ७००हून जास्त माणसं गेली. दोन्ही टोकं एका बॅगेत मावत नाहीत. म्हणून माझं सांगणं असं, की इथून कपडे न्यायचे ते पहिल्या दोन महिन्यांपुरते. बाकीचे तिथेच, ऋतू लागायच्या महिनाभर आधी घ्यायचे. मात्र तब्येतीची आणि घराची तयारी आधीच करायची, कारण त्यात झालेली चूक तिथे फार महाग पडते.

पहिली पायरी: निघण्याआधी तीन महिने, तब्येत

आधी दात दाखवून घ्या. तिथल्या आरोग्य विम्यात बऱ्याचदा दातांचा खर्च धरलेला नसतो, आणि रूट कॅनालचं बिल बघून माणूस परतीचं तिकीट शोधायला लागतो. चष्म्याचा नंबर तपासून जास्तीचा एक चष्मा करून घ्या.

लसींच्या नोंदी शोधायला वेळ लागतो. विद्यापीठात जाणार असाल, तर गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांचा पुरावा मागतातच. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल, तर नव्याने डोस घ्यावे लागतील आणि दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. क्षयाची तपासणी सांगितली, तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी मागा. आपल्याकडे जन्मतः बीसीजी टोचलेली असते. तिच्यामुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, डॉक्टर, फेऱ्या असं लचांड मागे लागतं.

ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, सूर्य साडेचारच्या आत मावळतो. जो काही उजेड असतो, तेव्हा तुम्ही नखशिखांत गुंडाळलेले असता. गोळी घ्यायची की नाही आणि किती, ते डॉक्टरांना इथेच विचारून ठेवा. रोजची औषधं मूळ पाकिटात ठेवा. सोबत चिठ्ठी हवी आणि तिच्यावर औषधाचं मूळ रासायनिक नावही हवं, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत.

दुसरी पायरी: घर ठरवताना विचारायचे प्रश्न

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते इथे. शिकागोची थंडी तुम्ही रस्त्यावर दिवसातून अर्धा-पाऊण तास सोसणार. उरलेला सगळा वेळ घरात जातो. तेव्हा कोटापेक्षा घर महत्त्वाचं.

भाडेकरार करण्याआधी विचारा: हीटिंग भाड्यात धरलंय का? नसेल, तर मागच्या जानेवारी-फेब्रुवारीचं गॅसचं बिल किती आलं होतं? खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का? शक्य असेल, तर तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला खिडकीच्या फटीजवळ हात धरून बघायला सांगा. आणि ऑगस्टात जात असलात तरी एअर कंडिशनरचंही विचारा. जुन्या विटांच्या तीन मजली इमारतींत तो बऱ्याचदा नसतो, खिडकीत बसवायचा आपला आपण घ्यावा लागतो. वरच्या मजल्यावरचं घर जुलैत भट्टीसारखं तापतं.

शहराचा एक नियम पाठ करून ठेवा. घराचं हीटिंग घरमालकाच्या हातात असेल, तर १५ सप्टेंबर ते १ जून या काळात सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहापर्यंत घरात किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, आणि रात्री किमान ६६ फॅरनहाइट तापमान ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आमच्या इमारतीचा बॉयलर जानेवारीत एका शुक्रवारी रात्री बंद पडला. मालक "सोमवारी बघू" म्हणाला. शेजारच्या आजींनी मला ३११ हा शहराचा तक्रार क्रमांक दिला आणि एक साधा थर्मामीटर दिला. दर तीन तासांनी आकडा लिही, फोटो काढ, असं बजावलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर ५१ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम साडेदहा अंश सेल्सिअस, दाखवणारा तो फोटो तक्रारीला जोडला आणि रविवारी दुपारी माणूस आला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक थर्मामीटर घ्या.

हीटर बंद पडला म्हणून गॅसचा ओव्हन पेटवून घर गरम करायला कधीही जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. घरात त्याचा अलार्म आहे ना, चालतो ना, हे पहिल्याच दिवशी बघा. विजेचा छोटा हीटर लावलात, तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शनला नको, आणि पडदे-पांघरुणं तीन फूट लांब ठेवा.

तिसरी पायरी: बॅग

ऑगस्टात जाणाऱ्यांनी सुती कपडे नीट न्यावेत. त्यातच एक पातळ स्वेटर हाताशी हवा, कारण बस, वर्ग, ऑफिस सगळीकडे एसी इतका जोरात असतो, की बाहेर घामाच्या धारा आणि आत हुडहुडी. इथून थर्मलचे दोन-तीन जोड न्या, ते इथे स्वस्त मिळतात. फक्त सुती थर्मल घेऊ नका. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड थंडीत अंग गारठवतं. पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर चालेल. जाड कोट आणि बर्फाचे बूट इथून अजिबात नेऊ नका.

मिक्सर घरीच ठेवा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर त्यावर नीट चालणार नाही. तिथल्या विजेवर चालणारे भारतीय मिक्सर डेव्हॉन अॅव्हेन्यूवर मिळतात. या रस्त्यावर आपल्या वाणसामानाची दुकानं ओळीने आहेत, त्यामुळे डाळ-तांदळाचं वजनही वाहू नका. गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, कुळथाचं पीठ मात्र घरचं न्या, आणि खाण्याचं जे काही असेल ते कस्टम्सच्या माणसाला न लपवता सांगा. ताजा कढीपत्ता नेऊ नका, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे त्याला बंदी आहे. प्रेशर कुकर न्या.

चौथी पायरी: पहिला महिना

फोनमधलं तापमान फॅरनहाइटमध्येच राहू द्या, कारण बाहेर सगळे त्यातच बोलतात. आकड्यातून ३० वजा करून निम्मे करायचे, साधारण सेल्सिअस येतं. ३२ म्हणजे पाणी गोठायचा बिंदू, शून्य म्हणजे उणे १८. हवामानात 'विंड चिल', म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, हा दुसरा आकडा असतो, कपडे त्यावरून ठरवायचे. तो उणे २८ सेल्सिअसच्या आसपास गेला, की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला अचानक भोंगे वाजतील. घाबरू नका, टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं गरगरत येणारं वादळ, त्याच्या इशाऱ्याची ती चाचणी असते. एरवी वाजले, तर मात्र खिडक्यांपासून दूर, सगळ्यात खालच्या मजल्यावर जायचं.

पाचवी पायरी: ऑक्टोबर, खरी खरेदी

कोट ऑक्टोबरच्या मध्याला घ्या. थंडी पडल्यावर गर्दीत काहीतरी उचललं जातं. निदान मांडीच्या मध्यापर्यंत यावा, वारा अडवणारा असावा, हूड असावं, मनगटापाशी आतून घट्ट पट्टी असावी. थर्मल आणि स्वेटर घालूनच तो घालून बघा आणि दोन्ही हात वर करा. पाठीत ओढला गेला, तर एक माप मोठा घ्या. अंगासरशी आवळलेला कोट ऊब धरत नाही, कारण ऊब धरते ती मधली हवा. नव्याच्या किमती परवडत नसतील, तर जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगले कोट मिळतात. त्यात काही कमीपणा नाही.

बूट जलरोधक हवेत, लोकरीच्या मोज्यासकट बोटं हलतील इतके सैल. घट्ट बुटात पाय लवकर गारठतो. फुटपाथवर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग बुटांवर चढतात. व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन फडक्याने पुसले, की निघतात. बोटं एकत्र राहणारे हातमोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार असतात. कान झाकले नाहीत, तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

सहावी पायरी: नोव्हेंबर ते मार्च

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. भारताशी अंतर साडेदहा तासांचं साडेअकरा होतं. आईबाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते फोनची वाट बघत बसतात.

घरातली हवा हीटरमुळे खडखडीत कोरडी होते. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, कुणाकुणाचा घोळणा फुटतो. दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर पाण्याचं भांडं ठेवा किंवा ह्युमिडिफायर घ्या, आणि आंघोळ कढत पाण्याने करू नका. अंग ओलसर असतानाच तेल लावायचं. खोबरेल बाटलीत थिजलेलं असतं, म्हणून ते रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. विरजण बाहेर लागत नाही. दूध कोमट करून विरजण घाला आणि ओव्हनचा नुसता दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेवा. सकाळी कवडीदार दही मिळतं. उणे १५ अंशांच्या त्या पहिल्या सकाळी मी भांड्याचं झाकण उघडलं आणि दह्यात चमचा उभा राहिला, तेव्हा मला पहिल्यांदा ते घर माझं वाटलं.

बर्फावर चालताना हात खिशात घालू नका. पावलं लहान, गुडघे जरासे वाकवलेले. भुसभुशीत बर्फ घातक नसतो. घातक असतो तो रस्त्यावरचा पारदर्शक, न दिसणारा थर. केस ओले ठेवून बाहेर पडू नका. रेल्वेच्या फलाटांवर डोक्यावर हीटर असतात, बऱ्याच ठिकाणी बटण दाबून सुरू करावे लागतात. गाडी असेल, तर १ डिसेंबर ते १ एप्रिल काही मुख्य रस्त्यांवर पहाटे तीन ते सात गाडी उभी करायला बंदी असते, बर्फ पडो न पडो. पाटी वाचा.

सुट्टीत भारतात येणार असाल, तर हीटिंग बंद करून येऊ नका. किमान ५५ फॅरनहाइटवर ठेवा, नाहीतर नळ गोठून फुटतात.

आणि माणसांत राहा. चार वाजता अंधारून यायला लागलं, की मन उगाच खचतं. मला फेब्रुवारी सगळ्यात जड गेला. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९६९पासून आहे. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला जा, कंटाळा आला तरी जा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांशी बोला.

सातवी पायरी: मे-जून, उकाड्याच्या आधी

एप्रिलातही बर्फ पडतो, तेव्हा कोट लगेच आत टाकू नका. पण मे संपेपर्यंत पंखे आणि खिडकीचा एसी यांची सोय लावा, जूनच्या मध्यात दुकानांत मिळेनासे होतात. आपण नागपूर-जळगावचा उन्हाळा काढलेला असतो, म्हणून ३५ अंश ऐकून हसतो. तिथली घरं थंडी अडवायला बांधलेली, आत शिरलेली उष्णता रात्रीही बाहेर जात नाही. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही. १९९५मध्ये गेलेल्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी होती. दुपारी पडदे बंद ठेवा, संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि घरात बसवेना झालं, तर वाचनालय गाठा. तळ्याच्या काठी पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. शेजारी एकटे आजी-आजोबा राहत असतील, तर दिवसातून एकदा दार वाजवा. मी थर्मामीटरवाल्या आजींकडे रोज पन्हं घेऊन जायचे. त्या ते दोन ग्लास प्यायच्या.

परत निघताना कोट आणू नका, पुण्यात तो कपाटात नुसता पडून राहतो. धुऊन, वाळवून, ऑगस्टात येणाऱ्या एखाद्या नव्या मुलीला द्या. हातमोजे खिशातच राहू द्या आणि थर्मामीटरही तिलाच द्या.