सहावा स्प्रिंट का ढेपाळतो? आधी मोजा, मग मेहनत घ्या

शिवाजी पार्कला रोज सकाळी राऊंड मारणारी मुलं फुटबॉल मॅचच्या शेवटच्या वीस मिनिटांत बॉलपर्यंत पोहोचत नाहीत, तेव्हा फार वाईट वाटतं. मेहनत असते, पण ती चुकीच्या जागी लागते. म्हणून आधी तपासा: वेग कमी पडतोय की दम?

नीट वॉर्मअप करून 20 मीटर अंतरावर दोन कोन (खुणेचे शंकू) ठेवा. जीव तोडून जा, वळा, परत या. 20 सेकंद थांबा. असे सहा स्प्रिंट. स्टॉपवॉच मित्राकडे द्या. राखून पळालात तर चाचणी वाया गेली.

सर्वांत चांगली वेळ 7.5 सेकंद असेल, तर सहा स्प्रिंट 45 सेकंदांत व्हायला हवेत. प्रत्यक्ष बेरीज 48.6 आली, तर घसरण 8 टक्के. पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. मुळात संथ पळणाऱ्याची घसरणही कमीच दिसते! चांगली वेळ आणि बेरीज, दोन्ही वहीत लिहा.

पहिल्या स्प्रिंटची ताकद बहुतांशी अ‍ॅनएरोबिक, म्हणजे ऑक्सिजनशिवाय मिळणारी असते. स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा (झटपट ऊर्जा देणाऱ्या द्रव्याचा) साठा काही सेकंदांतच उतरतो. तो अर्धा भरायला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि भरतो ऑक्सिजनच्या जोरावर. म्हणजे एरोबिक क्षमतेची (ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्याच्या ताकदीची) खरी कमाई दोन स्प्रिंटच्या मधल्या वेळात होते. मुलांना हे पटवायला वेळ लागतो, पण सगळी गोम इथेच आहे.

घसरण जास्त असेल, तर आठवड्यातून दोनदा 4 मिनिटं एवढ्या जोरात पळा की वाक्य पूर्ण बोलता येऊ नये. मग 3 मिनिटं हळू जॉगिंग. असं चार वेळा. नॉर्वेच्या ज्युनियर खेळाडूंनी आठ आठवडे हेच केलं. 2001 साली छापलेल्या त्या अभ्यासात त्यांचे मॅचमधले स्प्रिंट दुप्पट झाले होते.

पहिलाच स्प्रिंट संथ असेल, तर 20-30 मीटरचे सहा-आठ स्प्रिंट मारा, प्रत्येकानंतर पूर्ण 2-3 मिनिटं थांबा. जोडीला स्क्वॉट्स. पुरेसं न थांबता घाईने पुढचा स्प्रिंट मारलात तर वेग वाढणार नाही.

ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम सुकत नाही, शरीर लवकर तापतं. सहा-साडेसहालाच सराव उरका. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सहा आठवड्यांनी चाचणी पुन्हा घ्या: तेच मैदान, तेच बूट, तीच वेळ. मधे पाऊस होऊन चिखल झाला असेल, तर मैदान सुकेपर्यंत थांबा.