जुन्या ब्राउझरमध्येही चालेल अशी वेबसाइट कशी बनवावी

साइट सगळ्या ब्राउझरमध्ये हुबेहूब सारखी दिसलीच पाहिजे, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जुन्या फोनवर अ‍ॅनिमेशन नसलं म्हणून कोणाचं काही अडत नाही. मजकूर वाचता येणं, फोन नंबर सापडणं, अर्ज भरता येणं, एवढं मात्र झालंच पाहिजे.

आधी साधं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर आणि सांगाडा, लिहा. अर्जाला खरा फॉर्म टॅग, बटणाला खरं बटण. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारा कोड) बंद करून अर्ज जातोय का बघा. जात असेल तर पुढे चला.

मग सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप आणि मांडणी. न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो, म्हणून जुनी ओळ वर आणि नवी तिच्याखाली लिहा. ब्राउझरचं नाव ओळखून वेगळी सीएसएस देण्याच्या फंदात पडू नका. त्याला काय येतं ते विचारा. त्यासाठी ‘अ‍ॅट सपोर्ट्स’ (@supports) हा नियम आहे.

आणि इथेच मी फसलो होतो. सदाशिव पेठेतल्या एका क्लासची साइट केली होती. ‘प्रवेश अर्ज’ आणि ‘फी भरा’ ही दोन बटणं फ्लेक्सबॉक्समध्ये (वस्तू एका ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत), मधलं अंतर ‘गॅप’ने दिलेलं, तेही अ‍ॅट सपोर्ट्सने रीतसर विचारून. ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका पालकांचा फोन आला, “अहो, अर्जाचं बटण दाबलं की फीचं पान उघडतंय.” त्यांच्याकडे आयफोन ६ होता. मी दोन दिवस त्यांना ब्राउझरची कॅश (साठवलेली जुनी पानं) साफ करायला सांगत बसलो. शेवटी तो फोन हातात घेऊन पाहिला, तेव्हा दोन्ही बटणं चिकटून एकच निळी पट्टी झालेली दिसली.

आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जात नाही. त्यातल्या सफारीला ग्रिडमधला (आडव्या-उभ्या चौकटींच्या मांडणीतला) गॅप कळतो, फ्लेक्समधला कळत नाही. तो सफारीत २०२१ साली, १४.१ या आवृत्तीत आला. अ‍ॅट सपोर्ट्स फक्त ‘गॅप ठाऊक आहे का’ एवढंच विचारतो, कुठे वापरणार ते विचारत नाही. त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच येतं.

म्हणून मूळ नियमात आतल्या बटणांना मार्जिन, म्हणजे बाहेरून मोकळी जागा, द्या. गॅप वापरायचाच असेल तर अ‍ॅट सपोर्ट्समध्ये गॅपऐवजी ‘अ‍ॅस्पेक्ट-रेशो’ विचारा. लांबी-रुंदीचं प्रमाण ठरवणारं ते वैशिष्ट्य क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत फ्लेक्समधल्या गॅपनंतर आलं, त्यामुळे ज्याला ते येतं त्याला हा गॅप येतोच. @supports च्याच नियमात मार्जिन शून्य करायला विसरू नका, नाहीतर नव्या ब्राउझरमध्ये अंतर दुप्पट होतं. दोनच बटणं असतील तर मी सरळ मार्जिनवर थांबतो.

जावास्क्रिप्ट सीएसएससारखी सांभाळून घेत नाही. प्रश्नचिन्हापुढे टिंब देऊन लिहायचं ते ऑप्शनल चेनिंग एकदा जरी आलं, तरी आयओएस १२ मध्ये अख्खी फाइल बंद पडते. पॉलीफिल टाका म्हणणाऱ्यांचं इथे चालत नाही. पॉलीफिल नसलेलं फंक्शन आणून देतो, न कळणारी वाक्यरचना त्याला सुधारता येत नाही. फाइल बॅबेलमधून काढा, ते साधन नवी वाक्यरचना जुन्या ब्राउझरला कळेल अशी करून देतं.

तपासताना संगणकावरची विंडो लहान करून समाधान मानू नका, ब्राउझरचं आतलं, पान दाखवणारं इंजिन नवंच असतं. त्या जुन्या आयफोनवर क्रोम टाकूनही उपयोग नाही, तेही सफारीच्याच इंजिनावर चालतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबलं, तिथे सीएसएसचं नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) चालत नाही. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून देतात तिथे असे संगणक मी पाहिलेत, तेव्हा नेस्टिंग टाळा.

मी एक जुना आयफोन ६ विकत घेऊन टेबलावर चार्जरला लावून ठेवलाय. साइट देण्याआधी त्यावर अंगठ्याने अख्खा अर्ज भरतो, पोचपावती स्क्रीनवर येईपर्यंत.