गाईडसोबत हिमनदीच्या डोंगरावर पहिल्यांदा जाताना

हिमनदीवर पाऊल टाकण्याआधी गाईड तुमच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणाऱ्या पट्ट्यांना, दोर बांधतो, गाठ ओढून बघतो आणि पुढे चालू लागतो. तिथून पुढे तुम्ही एकटे चालत नसता. दोरावरचा कुणी बर्फाखालच्या भेगेत गेला, तर त्याला धरून ठेवणाऱ्यांत तुम्हीही असता. गाईड घेतला की सगळं तोच बघेल, असं पहिल्यांदा जाणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटलं होतं. वाट तो शोधतो, निर्णय तो घेतो. पण दोरावर भरवशाचं माणूस होणं आपल्याकडे असतं, आणि त्याची तयारी घरापासूनच सुरू होते.

डोंगर आणि गाईड निवडणे

नुसती उंची बघून डोंगर ठरवू नका. अमेरिकेतला रेनियर 4,392 मीटरचा, पण त्याच्या हिमनद्या भेगांनी भरलेल्या. कॉकेशसमधला एल्ब्रुस 5,642 मीटरचा. त्याची नेहमीची वाट त्यामानाने सोपी, पण विरळ हवा आणि वारा माणसाला दमवतात. पहिल्या खेपेला असा कार्यक्रम शोधा, ज्यात चढाईआधी बर्फावरचं प्रशिक्षण आहे आणि हवामानासाठी एखादा राखीव दिवस आहे.

गाईडचं प्रमाणपत्र विचारायला संकोच करू नका. पर्वतीय गाईडांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1965 साली स्थापन झाला आणि त्याचा बिल्ला बऱ्याच देशांत मानला जातो. एका दोरावर किती जण असतील, हेही विचारा. मात्र सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेकांच्या मनातच येत नाही: वाटेत एकाला परतावं लागलं तर त्याला खाली कोण नेणार? दुसरा गाईड नसेल, तर एकाच्या आजारपणात सगळा दोर माघारी फिरतो. हे आधी माहीत असलेलं बरं. विमा काढताना दोर लावून केलेली चढाई, तुमच्या डोंगराची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका, या तिन्ही गोष्टी त्यात बसतात का ते नीट वाचा. साध्या प्रवास विम्यात त्या अनेकदा नसतात.

शरीर तयार करणे

चार-पाच महिने हाताशी ठेवा. पाठीवर सॅक घेऊन जिने किंवा चढ चढा, वजन हळूहळू 12 ते 15 किलोंपर्यंत न्या. तासाला साधारण 300 मीटर उंची गाठत, बोलता येईल इतक्या दमात, काही तास चालता आलं की पाया झाला. उतरण्याचाही सराव करा. गुडघे आणि मांड्या उतारावरच जास्त बोलतात.

सामान

बूट कडक तळव्याचे हवेत, क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दात) नीट बसतील असे. ते भाड्याने घेणार असाल तर चढाईत वापरायचे तेच मोजे घालून बघा. उतारावर उभं राहून बोटं पुढे आदळत नाहीत ना, हेही तपासा. कपडे थरांचे. सुती कपडा अंगाला नको, घामाने भिजला की वाळत नाही. जाड जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि थांबताक्षणी, थंडी वाजायच्या आधीच चढवा.

पाणी बाटलीत न्या आणि ती उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. पाण्याच्या पिशवीची नळी गोठून बसते.

उन्हाचा चष्मा चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सगळ्यात गडद काचांचा, आणि कडेने बंद असलेला. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. डोळे भाजले तर त्या वेळी कळत नाही. दुखणं काही तासांनी, बहुधा तंबूत परतल्यावर सुरू होतं.

सरावाचा दिवस

हा दिवस कधीही चुकवू नका. घसरताना आइस ॲक्सने, म्हणजे बर्फात रोवायच्या कुदळीसारख्या हत्याराने, स्वतःला थांबवणं इथेच शिकवतात: ॲक्सचं डोकं खांद्याजवळ छातीशी घट्ट, पोटावर वळायचं, टोक बर्फात दाबायचं, आणि पायात क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचलायची. दात अचानक रुतले तर माणूस उलटतो. वाचून हे येत नाही. डोकं खाली असताना, पाठीवर असताना, दोन्ही बाजूंनी, अंगवळणी पडेपर्यंत करा.

क्रॅम्पॉन घालून चालताना पाय जरा फाकवून टाका, म्हणजे दात विजारीत अडकत नाहीत. सगळे खालचे दात एकदम टेकवा. बक्कल बाहेरच्या बाजूला हवं आणि पट्ट्याचं उरलेलं टोक खोचलेलं. माझ्या पहिल्या चढाईत ते टोक लोंबत राहिलं होतं. अंधारात गाईड गुडघ्यावर बसला, दाताने हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी त्याने ते खोचून दिलं. त्या अर्ध्या मिनिटात त्याची बोटं पांढरी पडली होती. तेव्हापासून मी हातमोजे घालून क्रॅम्पॉन बांधण्याचा सराव घरीच करते.

दोराचा झोल बर्फाला जेमतेम टेकेल एवढाच ठेवायचा. ढीग जमला, तर पडणारा तेवढा जास्त खोल जातो आणि झटकाही जोराचा बसतो. दोराची वेटोळी हातात धरू नका, दोरावर क्रॅम्पॉनचा पाय देऊ नका. विश्रांतीला सगळ्यांनी एका जागी गोळा व्हायचं नाही, खाली काय आहे दिसत नसतं. गाईडने जागा तपासून सांगितलं, तरच जवळ यायचं.

उंचीशी जुळवून घेणे

3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज 500 मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करावा, हा गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा सल्ला. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं ही पहिली लक्षणं. ती असताना आणखी वर जाऊ नका. तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. औषध घ्यायचं की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

डोकं दुखत असेल तर गाईडला सांगा. आपल्यामुळे बाकीच्यांचं शिखर जाईल या भीतीने माणसं गप्प बसतात, आणि मग जे कॅम्पवर दहा मिनिटांत सुटलं असतं ते कड्यावर अंधारात सोडवावं लागतं. गाईडला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही.

शिखराची रात्र

निघणं मध्यरात्री किंवा त्यानंतर थोड्या वेळाने. गोठलेला बर्फ घट्ट असतो, भेगांवरचे बर्फाचे पूल वजन पेलतात. ऊन चढलं की तेच पूल मऊ होतात. सामान संध्याकाळीच लावून ठेवा. झोप लागली नाही तरी पडून राहा.

थोडं गारठलेलंच निघा, दहा मिनिटांत अंग तापतं. मागचा पाय सरळ ताठ करून त्यावर क्षणभर भार टेकवायचा, मग पुढचं पाऊल. ही लय धरली की स्नायूंना प्रत्येक पावलाला विसावा मिळतो. तास-सव्वा तासाने थांबा येईल तेव्हा आधी जॅकेट, मग दोन घास आणि पाणी, मग बाकीचं. भूक नसली तरी खा.

परतायची वेळ आधीच ठरलेली असते. ती झाली किंवा बर्फ बिघडला, तर गाईड वळायला सांगेल. तिथे घासाघीस करू नका. त्याच्या या शब्दामागे जुना, महागात पडलेला अनुभव आहे: 1820 साली आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर हिमस्खलनात तीन गाईड गेले, आणि पुढच्याच वर्षी पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाईडांनी आपली संघटना उभारली.

उतार

पाय थकलेले, ऊन वर आलेलं, लक्ष ढिलं. क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे धरू लागले की दात लागतच नाहीत. ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून ते पाडत राहा. उतरताना दमलेला माणूस न कळत पुढच्याच्या जवळ सरकतो आणि झोल वाढतो, म्हणून नजर दोरावर असू द्या. कॅम्प समोर दिसायला लागला तरी हिमनदी अजून पायाखालीच असते. गाठ गाईड सोडायला सांगेल तेव्हाच सोडा.