न ठरवता काढायची छोटी भौमितिक चित्रं: माझी पद्धत

चित्र ठरवायचं नाही, फक्त पुढची रेष ठरवायची. पद्धत एवढीच आहे, पण ती पाळायची तर कागद, हत्यारं आणि एक-दोन नियम आधी पक्के लागतात. मी ड्राफ्टिंग बोर्डावर शिकले, आता ऑफिसात सगळं कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरवर, चालतं. तिथे शीट सुरू होण्याआधीच ते कसं दिसणार हे ठरलेलं असतं आणि तसंच असायला हवं, कारण त्यावरून घर उभं राहतं. संध्याकाळी मात्र माझे जुने गुण्ये घेऊन बसते आणि त्यांना माप विचारत नाही.

कागद लहान घ्या. ए-फोर आकाराच्या कार्ट्रिज कागदाचे (चित्रकलेच्या जाडसर कागदाचे) चार तुकडे केले की साधारण १०५ × १४८ मिलिमीटरचा एक तुकडा होतो. कागद १५० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) किंवा त्याहून जाड असू द्या, पातळ कागद शाईनं फुगतो. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात सगळं एका फेरीत मिळतं. एवढ्या कागदावरचं चित्र एका बैठकीत संपतं आणि बिघडलं तरी जीव हळहळत नाही. हात मोकळा राहायला हे फार महत्त्वाचं.

पेन पिगमेंट शाईचं घ्या, ती उन्हापाण्यात टिकते. सकुरा कंपनीच्या पिग्मा मायक्रॉन पेनावर ०१ लिहिलेलं असतं त्याची रेष ०.२५ मिलिमीटरची पडते आणि ०५ ची ०.४५. ही दोन पेनं पुरतात. बाकी कंपासपेटीतलेच दोन गुण्ये आणि एक पट्टी. पेन्सिल आणि खोडरबर टेबलावर ठेवू नका. आधी पेन्सिलीनं आखून घेतलं की योजना तिथूनच शिरते.

एक काम सुरुवातीलाच करून टाका. गुण्याची कड कागदाला टेकलेली असली की ओली शाई कडेखाली ओढली जाते आणि रेषेला डाग फुटतो. गुण्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत, मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवा. कड कागदापासून किंचित वर राहते आणि शाई आत जात नाही. दर चार-पाच रेषांनी कड सुती फडक्यानं पुसायची.

आता पहिली रेष. ती कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ द्या, पण मधोमध नको आणि कडेला समांतरही नको. कागदाच्या मध्यातून गेलेली रेष चित्राचे दोन सारखे भाग करून बसते, मग पुढच्या प्रत्येक रेषेला तो तोल सांभाळत बसावं लागतं. दुसरी रेष पहिलीकडे बघून काढा: तिला समांतर, काटकोनात, किंवा ३०, ४५, ६० अंशांत. दोन गुण्ये एकमेकांना जोडून धरले की १५ आणि ७५ अंशही मिळतात. समांतर रेषेसाठी पट्टी घट्ट धरून तिच्या कडेनं गुण्या सरकवायचा, शाळेत शिकलोय तसाच. किती सरकवायचा ते डोळ्यानं ठरवा. मोजलंत की संपलं.

रेषा सगळ्या कडेपासून कडेपर्यंत गेल्या तर एक सुंदर गोष्ट घडते. तीन रेषा एकमेकींना कागदावरच वेगवेगळ्या जागी छेदत असतील तर ७ कप्पे होतात, तशीच चौथी आली की ११. आणि कितीही रेषा काढा, हे कप्पे काळ्या आणि पांढऱ्या अशा दोनच रंगांत भरता येतात, शेजारच्या दोन कप्प्यांना एक रंग कधीच येत नाही. कारण साधं आहे. नवी रेष काढली की तिच्या एका बाजूचे सगळे रंग उलटे करायचे, दुसरी बाजू तशीच ठेवायची, की पुन्हा सगळं जुळतं. पूर्ण वर्तुळ काढलं तरी हा नियम टिकतो: वर्तुळाच्या आतले रंग उलटवायचे.

पण एखादी रेष दुसरीवर येऊन थांबवलीत की तिथे तीन कप्पे एकमेकांना भिडतात आणि दोन रंग पुरत नाहीत. मला ही जागा सगळ्यात आवडते. तिसरा रंग म्हणून मी ०१ च्या पेनानं बारीक समांतर रेघा भरते, आणि गरज पडलीच तर चौथा म्हणून त्याच रेघा दाट. पाचवा रंग कधीच लागत नाही, हे १९७६ साली गणितज्ञ अपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलंय. म्हणजे रेषा कुठेही थांबवा, चार रंगांत भरायची एक तरी वाट असतेच.

रेघा भरताना त्यांच्यातलं अंतर हाच रंग असतो. हे समजायला चित्रकार नसरीन मोहम्मदी यांची रेखाटनं बघा. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाविभागात शिकवायच्या आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. ड्राफ्टिंगचीच साधनं वापरून काढलेल्या त्यांच्या रेषांत अंतर जरासं कमी-जास्त होतं आणि कागद खोल जातो. बहुतेक कामांना त्यांनी नाव दिलं नाही, तारीखही घातली नाही. नाव मीही देत नाही, पण मागे पेन्सिलीनं तारीख घालते आणि तुम्हीही घाला. पुढे उपयोग होतो.

थांबायचं कधी? कागदाची वरची बाजू खाली करून तो हातभर लांब धरा. नजर कुठेतरी अडखळत असेल तर तिथे एक रेष बाकी आहे. नुसती रिकामी जागा दिसतेय म्हणून हात उचलला जात असेल तर पेनाला टोपण लावा.

चित्रं साठली की ती तारखेनं जमिनीवर मांडा. हाताची सवय लगेच दिसते. माझ्या तिरक्या रेषा जवळपास सगळ्या डावीकडून खालून उजवीकडे वर चढतात, कारण उजव्या हाताला तेच सोपं जातं. सवय सापडली की पुढच्या काही कागदांवर तिला बंदी करायची. आता त्या दिशेची एकही रेष काढायची नाही असं मी ठरवलंय, आणि गुण्या उलटा धरावा लागत असल्यामुळे मास्किंग टेप त्याच्या दुसऱ्या बाजूलाही लावून घेतली.