पावसाळ्यात एकनळी कशी सांभाळायची

आमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात बंदूक बार काढून काढून खराब झाली असं मी अजून ऐकलेलं नाही. ती खराब होते ओलीनं. कणकुंबीकडनं पाऊस एकदा लागला की कोपऱ्यातल्या चपलांवर बुरशी चढते, मग लोखंडाचं काय घेऊन बसलाय!

माझी बारा बोरची एकनळी. पीक राखायला म्हणून वडिलांनी परवाना काढलेला, त्यांच्यामागं तो माझ्या नावावर झाला. भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात, भीमगडच्या जंगलाच्या अंगानं गवे आणि चितळंही उतरतात. दरडीकडं तोंड करून एक बार काढला की सगळं पांगतं. पाव्हणे येतात, हसत हसत विचारतात, ‘चितळ कधी खायला घालतोस?’ त्यांना सांगतो, १९७२ च्या कायद्यानं चितळ, सांबर, भेकर मारणं गुन्हा आहे, आणि पिकाचा परवाना म्हणजे शिकारीची चिठ्ठी नव्हे.

आता सफाई. बंदूक हातात घेतली की आधी मोडून, म्हणजे मधल्या सांध्यात वाकवून, उघडायची आणि काडतुसाच्या घरात बोट घालून बघायचं. रिकामी आहे हे ठाऊक असलं तरी. काडतुसांचा डबा तेवढ्या वेळापुरता दुसऱ्या खोलीत.

मग नळी उजेडाकडं धरून आरपार बघायची. हे मी का सांगतोय ते ऐका. एका सप्टेंबरात राखणीच्या माळ्यावर जायच्या आधी सवयीनं डोळा लावला, तर पलीकडचा उजेडच दिसेना. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलेलं. गज घालून ढकललं तेव्हा वाळकी ढेकळं पडली आणि त्यांतनं मेलेले चार-पाच कोळी. तसाच बार काढला असता तर नळी माझ्या तोंडाशी फुटली असती. तेव्हापासून काडतूस घालायच्या आधी दर खेपेला बघतो, दिवसातनं दहा वेळा घालायचं असलं तरी दहा वेळा.

पुढचं लाकूड काढलं की नळी सुटी होते. गज नेहमी काडतुसाच्या बाजूनं घालायचा, तोंडाकडनं नाही. तोंडाकडनं घातला की काजळी सगळी काडतुसाच्या घरात जाऊन बसते. आधी पितळी ब्रश चार-पाच वेळा, मग जुन्या धोतराची चिंधी. पहिली काळी निघेल, दुसरी करडी. पांढरी निघेपर्यंत चिंध्या बदलायच्या. शेवटच्या चिंधीला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब. पुरे तेवढं. बार काढायच्या आधी हे तेल कोरड्या चिंधीनं पुसून घ्यायचं.

खोबरेल लावू नका. आमच्याकडं दिवाळीनंतर सकाळी ते बाटलीत गोठतं, तसंच ते बंदुकीच्या घोड्याच्या सांध्यातही गोठतं आणि त्यावर धूळ बसून चिकटा होतो. दस्त्याच्या लाकडाला मात्र जवसाचं तेल, तळव्यानं चोळून.

वडिलांच्या आधी आजोबांची ठासणीची होती, तोंडाकडनं बंदुकीची दारू ठासून भरायची. तिची तऱ्हा वेगळी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते, एका रात्रीत नळी तांबडी करते, आणि नुसत्या तेलानं ती जात नाही. आजोबा चुलीवरचं कढत पाणी नळीत ओततच राहायचे. खालनं शाईसारखं काळं पाणी यायचं, सडलेल्या अंड्यासारखा वास. नळी इतकी तापायची की फडक्यानं धरावी लागे. त्या उष्णतेनंच ती आतनं वाळायची, मग तेल. आम्हा पोरांना त्या वासाचं काय कौतुक होतं!

खोळीबद्दल माझी स्वतःचीच चूक सांगतो. २०२४ च्या लोकसभेला सगळ्यांसारखी मीही बंदूक निवडणुकीपुरती जमा केली. कॅनव्हासच्या खोळीत घालून, अगदी जपून. मतदान ७ मे ला, निकाल ४ जूनला, परत आणली तोवर मिरग लागलेला. खोळ काढली तर नळीवर तांबूस ठिपके, बरोबर जिथं कापड चिकटलं होतं तिथं. खोळ ही न्यायला-आणायला. ओल पिऊन ती लोखंडाला पाजते. आता जमा करताना तेलाचं बोट जास्त फिरवतो आणि खोळ घरी आणतो. घरात मी ती लाकडी कपाटात, कुलपात ठेवतो, भिंतीला टेकू न देता. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या दाणेदार पुड्या पाच-सहा आत टाकतो. पावसाळाभर आठ दिवसांनी एकदा पुसणं आलंच.

काडतुसं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकची टिकतात. जुनी कागदी असतील तर ओलीनं फुगतात आणि नळीतल्या घरात जाता जात नाहीत. ठोकून बसवायचा मोह होतो, तो करू नका. फुगलेलं, हिरवट डाग पडलेलं काडतूस वेगळं काढून परवानाधारक दुकानदाराला दाखवा. रिकाम्या पुंगळ्या घरी भरून देतो म्हणणारा एखादा भेटतोच. परवान्याशिवाय काडतूस भरणं शस्त्र कायद्यात बसत नाही, आणि दारूचं माप चुकलं तर नळीचं काय होतं ते कुंभारणीनं मला जवळजवळ दाखवलंच होतं.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच बंदूक मोडू नका. तोंड दरडीकडंच ठेवून मनात साठ मोजा. ओलं काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. मोजून झालं की चेहरा बाजूला करून सावकाश उघडायचं, आणि ते काडतूस परत डब्यात टाकायचं नाही.