बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी अकरावीतच कशी करावी

दरवर्षी जूनच्या शेवटी आमच्या स्टाफरूमच्या दाराशी कोणीतरी पालक उभे असतात. काखेत प्लास्टिकची फाईल, सोबत मान खाली घातलेलं लेकरू. "सर, मार्क चांगले पडलेत हो, पण जातीची व्हॅलिडिटी अजून आली नाही." त्या क्षणी माझ्या हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पोर दोन वर्षं राबलेलं असतं आणि अडतं एका कागदावर. म्हणून माझ्या वर्गात अकरावीला आलेल्या प्रत्येकाच्या घरी मी हेच सांगतो: अभ्यास दोन वर्षं पुरतो, कागद कधीकधी दोन वर्षांतही पुरत नाहीत. ते आधी हातात घ्या.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्र मंडळात शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजला निघालं आहे, तिथे मोठा भाऊ, मावशी, शेजारचे काका कोणीही हे काम अंगावर घेऊ शकतं.

पहिलं काम: पास होण्याची रेघ आणि दाराची रेघ वेगळी लिहा

बारावी पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ गुण लागतात. बहुतेक घरांत हिशोब इथेच थांबतो. पण राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४०. खुल्या प्रवर्गाला म्हणजे ३०० पैकी १३५. तिन्ही विषयांत काठावर पास झालेल्या मुलाचे होतात १०५. मधले तीस गुण नसतील, तर सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, कितीही पर्सेंटाइल आलं तरी दार उघडत नाही. वैद्यकीयसाठी नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेबरोबर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४०. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांत, जायचं तर बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा मग आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा.

एका कागदावर मुलाला हवे असलेले दोन-तीन मार्ग लिहा. प्रत्येकापुढे कोणते विषय, किती टक्के आणि कोणती प्रवेश परीक्षा लागते ते मांडा. अकरावीत गणित किंवा जीवशास्त्र सोडायचं की नाही, हे तो कागद पाहून ठरवा, मैत्रिणीने सोडलं म्हणून नको. सोडलेल्या गणिताबरोबर अभियांत्रिकीचं दार बंद होतं. औषधनिर्माणशास्त्राला मात्र गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी काहीही चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

कला आणि वाणिज्य शाखेच्या पालकांनी आपल्याला काही नाही असं समजू नये. पाच वर्षांच्या विधी पदवीला सीईटी आहे, आणि २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएससारख्या व्यवस्थापन आणि संगणकाच्या अभ्यासक्रमांनाही. "बीएमएसला कसली सीईटी?" असं विचारणारे पालक मला अजूनही भेटतात.

आणि कॉलेजला हजर राहणं. क्लासच्या भरवशावर कॉलेजात नाव तेवढं घालून ठेवायची पद्धत पडली आहे. पण भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचे शंभरातले तीस गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, भाषांचे आणि गणिताचे वीस गुण कॉलेजच्या हातात आहेत. जर्नल वेळेवर सही करून घेणाऱ्या मुलाला हे गुण सहज पडतात. ती १३५ ची रेघ अनेकांनी याच गुणांवर ओलांडली आहे.

दुसरं काम: जातवैधता, आणि यासाठी सगळ्यात जास्त वेळ ठेवा

राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजमार्फत जातो. समितीला जातीचा जुना पुरावा हवा असतो, आणि किती जुना हे प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीची नोंद म्हणजे बहुतेक घरांत आजोबांची किंवा पणजोबांची नोंद.

वडील, चुलते, आत्या, सख्खा भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाकडे आधीच वैधता असेल तर सगळ्यात आधी तिची प्रत मिळवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली वैधता असली की काम पुष्कळ सोपं होतं. ती नसेल तर आजोबांच्या शाळेत जावं लागतं.

एका विद्यार्थिनीच्या आजोबांबरोबर मी असाच त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून लाल कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर काढलं. पानांच्या कडा हात लावताच सुटत होत्या. "आजोबा, शाळेतलं नाव काय तुमचं?" आजोबा म्हणाले, "घरी बाळूच म्हणायचे. गुरुजींनी काय लिहिलं, मला काय ठाऊक!" बाळू सापडेना. तासाभराने वडिलांच्या नावावरून शोधत गेलो तेव्हा नोंद मिळाली, नाव पांडुरंग, जन्मतारीख त्या काळातल्या निम्म्या गावासारखीच १ जून. जातीचा रकाना मात्र स्वच्छ शाईत भरलेला होता. आजोबा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभे होते.

बाळू आणि पांडुरंग एकच, हे शपथपत्रावर लिहून द्यावं लागलं. वंशावळीचं शपथपत्रही लागतं. शिवाय प्रवेश-निर्गम उताऱ्यावर, म्हणजे त्या रजिस्टरमधल्या नोंदीच्या प्रतीवर, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, मुलीच्या स्वतःच्या आणि वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जात, सगळं एकमेकांशी जुळायला हवं. शाळेची नोंद मिळाली नाही तर तहसील कार्यालयातले जन्म-मृत्यूचे जुने उतारे बघतात. काही नोंदी मोडीत असतात, त्या वाचून लिप्यंतर करून देणारा जाणकार शोधावा लागतो. यातलं एकही काम निकाल लागल्यानंतरच्या तीन आठवड्यांत होत नाही. आम्ही त्या शाळेत गेलो होतो अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत. माझ्या मते हीच योग्य वेळ. अर्ज केल्याची पावती दाखवून सुरुवातीला फॉर्म भरू देतात, पण ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र हजर केलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो.

बाकीचे दाखले

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर ठरलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वेळी पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला एकदाच काढायचा असतो, दहावीनंतरच काढून टाका. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. हे सगळे आपले सरकार सेवा केंद्रातून होतात, फक्त मे-जूनच्या गर्दीत जाऊ नका.

नावाचं स्पेलिंग मात्र आजच तपासा. दहावीची गुणपत्रिका पुढच्या सगळ्या कागदांचा पाया असते. आधारवर, बँकेत, जातीच्या दाखल्यावर नाव तिच्याप्रमाणेच हवं. चूक गुणपत्रिकेतच असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते.

बेळगाव, निपाणी भागातल्या वाचकांसाठी एक ओळ: वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या प्रवेशात वेगळा उमेदवारी प्रकार आहे, त्याचे दाखले माहितीपुस्तिकेत बघून आधीच तयार ठेवा.

तिसरं काम: मोबाईल नंबर आणि एक वही

सीईटीचा फॉर्म असो की शिष्यवृत्तीचा, ओटीपी घरातल्याच नंबरवर येऊ द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकलेले फॉर्म मी पाहिले आहेत, ऐन जागावाटपाच्या दिवशी दुकान बंद आणि पासवर्ड त्यांच्याकडे. ईमेल, पासवर्ड, अर्ज क्रमांक एका वहीत लिहा. मुलाच्या नावाचं बँक खातं उघडून आधारशी जोडून घ्या, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून येणारी शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच जमा होते.

चौथं काम: प्रवेश परीक्षा

जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, नीट मे महिन्यात, एमएचटी-सीईटी एप्रिल-मेच्या सुमारास. अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरून होतात, म्हणून बारावीच्या दिवाळीपासून सीईटी सेलचं, म्हणजे या परीक्षा आणि प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाचं, संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडायची सवय ठेवा. एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते, अकरावीवर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के भर असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात निम्मे, म्हणजे शंभर गुण एकट्या गणिताचे. ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे त्याच्यासोबत रोज बसणारं कोणीतरी हवं, मग ते शेजारचं इंजिनिअरिंगचं पोरगं का असेना.

निकाल मनासारखा आला नाही तर

घरात रडारड होते, ती होऊ द्यावी, पण त्याच आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. गुण अनपेक्षित कमी असतील तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज प्रत घेतल्याशिवाय करता येत नाही आणि प्रत मिळाल्यावर त्याला पाचच दिवस असतात. प्रत विषयाच्या शिक्षकांना दाखवून मगच पैसे भरा. विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेचा अर्ज लगेच कॉलेजमार्फत भरा. पास आहे पण ती ४५ टक्क्यांची रेघ हुकली, अशा मुलांना श्रेणीसुधारचा, म्हणजे पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवायचा मार्ग आहे. या दिवसांत पोराला एकटं सोडू नका, जेवायला सोबत बसा.

पसंतीक्रम भरताना

सीईटी सेल मागच्या वर्षीचे कट-ऑफ, म्हणजे कोणती जागा शेवटी किती गुणांवर गेली ते, प्रसिद्ध करतं. त्या तक्त्यातली अक्षरं समजली की निम्मं भय जातं. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींची. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या उमेदवारांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी ज्या जिल्ह्यातून झाली त्यावरून, राहत्या घरावरून नाही. अकरावीला गाव सोडून मोठ्या शहरात जाताना हा विचार कोणी करत नाही, तो करायला हवा.

क्रम मनापासून हवं त्याप्रमाणे लावा. "हे मिळणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिल्याने खालच्या जागेची संधी कमी होत नाही. मात्र जिथे जायचंच नाही ते नाव वर नको. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतली आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली जागा मिळाली की ती आपोआप पक्की होत होती, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. त्या वर्षीचा नियम माहितीपुस्तिकेत मुलासोबत बसून वाचा, आणि यादी लॉक करण्याआधी छापून एक रात्र घरात ठेवा.

फीचं काय

फीच्या धास्तीने मुलीचं नाव यादीतून काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्याला हे मिळत नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कोणालाही टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण फी माफी योजनेची, जागा पसंतीत टाकता येते, तिथे शिक्षण फी नसते, पण कट-ऑफ चढा असतो. राहण्या-खाण्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम् अशा योजना आहेत.

प्रवेशाच्या दिवशी

कॉलेजात मूळ शाळा सोडल्याचा दाखला जमा होतो. जाण्याआधी त्याच्या आणि दोन्ही गुणपत्रिकांच्या दहा-दहा झेरॉक्स काढा, स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. जे मूळ कागद द्याल त्यांची यादी करून त्यावर कॉलेजची पोच घ्या, आणि ती पोच त्याच प्लास्टिकच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.